पानगळीची शर्यत: निकाल आधीच ठाऊक असताना लोम्बार्दिया आपण कशासाठी पाहतो?

घाटवाट_सातारा (प्रश्न, १२ ऑक्टोबर २०२५)

काल संध्याकाळी इल लोम्बार्दिया पाहिली आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही. मन नेमके कशाने खट्टू झाले हे माझे मलाच उमगत नाही, म्हणून इथल्या जाणत्या मंडळींना विचारावेसे वाटले.

ज्यांना ही शर्यत नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सायकलच्या एकदिवसीय शर्यतींमध्ये पाच शर्यती सर्वांत मानाच्या समजल्या जातात आणि त्यांना ‘मॉन्युमेंट’ म्हणतात. त्यांतल्या सानरेमो, फ्लँडर्स, रूबे आणि लिएज या चार शर्यती वसंतात एकामागोमाग होऊन जातात. पाचवी ही लोम्बार्दिया, ऑक्टोबरात, उत्तर इटलीतल्या कोमो सरोवराच्या आणि बेर्गामोच्या डोंगरांत होते. १९०५ पासून ती चालत आली आहे आणि दुसऱ्या महायुद्धातली १९४३ आणि १९४४ ही दोन वर्षे सोडली तर तिचा एकदाही खंड पडलेला नाही. इटालियन लोक तिला गळून पडलेल्या पानांची शर्यत म्हणतात. तिच्यानंतर मोठे असे काही उरत नाही; हंगाम तिथेच मिटतो.

आमच्या घरी ही शर्यत मी वडिलांसोबत पाहते. ते एस.टी.चे निवृत्त चालक आहेत. खंबाटकी आणि पसरणीच्या घाटांत त्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे कोण जिंकतो यापेक्षा उतारावरच्या वळणाला कोण किती आतून जातो याकडे त्यांचे लक्ष अधिक असते. काल पास्सो दी गांदाच्या चढावर, शेवट अजून ३६ किलोमीटर दूर असताना, स्लोव्हेनियाचा जगज्जेता तादेइ पोगाचार बाकीच्यांना सोडून निघाला. तोवर एकट्याने पुढे असलेल्या अमेरिकेच्या क्विन सिमन्सला त्याने गाठले आणि मागे टाकले. सिमन्सने टिकावे असे मला फार वाटत होते. वडील म्हणाले, “आता हा काही सापडत नाही.” मग थोड्या वेळाने, पडद्यावरचे अंतर वाढत चाललेले पाहून, त्यांनी विचारले, “मग मागची पोरं आता कशासाठी जीव काढताहेत?”

मला उत्तर देता आले नाही. पोगाचार बेर्गामोत १ मिनिट ४८ सेकंदांनी जिंकला, बेल्जियमचा रेम्को एवेनपूल दुसरा आला, ऑस्ट्रेलियाचा मायकल स्टोरर तिसरा. लागोपाठ पाचव्या वर्षी हेच घडले, म्हणजे २०२१ पासून या शर्यतीला दुसरा विजेताच मिळालेला नाही. पोगाचारविषयी माझ्या मनात जराही आकस नाही. तो ज्या आनंदाने सायकल चालवतो तो पाहताना हरखून जायला होते. तरीही शेवटचा पाऊण तास मी जे पाहत होते त्याला शर्यत म्हणावे की मिरवणूक, हा प्रश्न काही केल्या मनातून जात नाही. ही हुरहुर एकाच माणसाच्या वर्चस्वाची आहे, की आता फेब्रुवारीअखेरपर्यंत असे काही पाहायला मिळणार नाही याची? कोप्पी किंवा मेर्क्स या जुन्या विक्रमवीरांच्या काळात लोकांना असेच वाटत असेल का? आणि जे प्रत्यक्ष रस्त्याच्या कडेला उभे राहतात त्यांना काय वाटते?

बेर्गामोकर

मी मूळचा कोल्हापूरचा आणि नोकरीनिमित्त काही वर्षांपासून बेर्गामोत राहतो, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

बेर्गामोचे दोन भाग आहेत, खालचे शहर आणि तटबंदीच्या आतले वरचे जुने शहर. शर्यत बेर्गामोत संपते तेव्हा शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत ती खालून वर चढून जाते. त्यातला बोक्कोला नावाचा तुकडा दगडी फरसबंदीचा, अरुंद आणि दोन्ही बाजूंना भिंती असलेला आहे. मी दर वेळी तिथेच उभा राहतो. सकाळी अकराच्या सुमारास लोक यायला लागतात. कोणी भाजलेले चेस्टनट कागदाच्या पुडीत घेऊन येतो, कोणी लहान मुलाला खांद्यावर घेतलेले असते, आणि दुपारी तीननंतर सगळ्यांचे डोळे कोणाच्या तरी हातातल्या फोनवर खिळतात. काल गांदावर जे घडले ते आम्ही तशाच एका फोनवर पाहिले. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांनी फक्त मान हलवली आणि पुडीतला एक चेस्टनट माझ्यापुढे केला.

त्यानंतर पाऊण तास कोणीही जागचे हलले नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण निकाल कळल्यावर गर्दी पांगेल असे घरी बसलेल्याला वाटते. पोगाचार आला तो आमच्यापासून हातभर अंतरावरून गेला. जगज्जेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी, मानेवरून ओघळणारा घाम आणि साखळीचा तो कोरडा आवाज, एवढे चार-पाच सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. मग एवेनपूल आला, स्टोरर आला, मग दोघे-चौघे असे तुटक येऊ लागले आणि गंमत अशी, की जसजसे मागचे येत गेले तसतसा आवाज वाढत गेला. पुढचे चढ तोडत जातात, मागच्यांच्या पायांतले त्राण मात्र संपलेले असते. त्यांचे चेहरे वाचता येतात, पाठीवरचे नाव वाचता येते, नावाने हाक मारता येते. शेजारचे गृहस्थ प्रत्येकाला “दाई, दाई” म्हणत होते, म्हणजे आपले “चल, चल”. शेवटी ‘फीने कोर्सा’ अशी पाटी लावलेली गाडी गेली. शर्यत संपली, एवढाच त्या दोन शब्दांचा अर्थ. ती गाडी वळणाआड जाईपर्यंत ते टोपी हातात धरून उभे होते.

तुमच्या वडिलांना सांगा, की मागच्यांपैकी काही जण त्या दिवशी आयुष्यातली शेवटची शर्यत पळत असतात. २०२२ साली शर्यत कोमोत संपली तेव्हा इटलीचा विन्चेन्झो नीबाली आणि स्पेनचा आलेहान्द्रो वाल्वेर्दे दोघेही एकाच दिवशी निवृत्त झाले. नीबालीने ही शर्यत २०१५ आणि २०१७ मध्ये जिंकली होती. वाल्वेर्दे तिच्यात तीनदा दुसरा आला आणि कधीच जिंकला नाही. निरोपाच्या दिवशी, बेचाळिसाव्या वर्षी, तो सहावा आला. त्या दिवशीही विजेता पोगाचारच होता, पण आमच्या कचेरीत दुसऱ्या दिवशी बोलणे झाले ते नीबालीचे.

आणि २०२३ तर मी कधीच विसरणार नाही. फ्रान्सचा तिबो पिनो त्या दिवशी निवृत्त होणार होता. २०१८ मध्ये त्याने नीबालीला मागे टाकून हीच शर्यत जिंकली होती, म्हणून त्याने निरोपासाठीही हीच निवडली. त्याचे चाहते फ्रान्सहून इतक्या संख्येने आले, की बेर्गामोच्या चढावर इटालियनपेक्षा फ्रेंच अधिक ऐकू येत होते. हातातल्या लाल मशालींच्या धुराने समोरचा माणूस दिसेना. पिनो आला तेव्हा तो विजेत्याच्या कितीतरी मागे होता. त्या धुरातून आधी फक्त त्याचे खांदे दिसले आणि मग रडवेला, हसरा चेहरा. मी फ्रेंच नाही आणि पिनोचा विशेष चाहताही नव्हतो. तरी माझ्या घशात आवंढा आला.

आणखी एक सांगायचे आहे. २०२१ मध्ये पोगाचारने पहिल्यांदा ही शर्यत जिंकली तेव्हा अंतिम रेषेवर त्याच्यासोबत एकच जण होता, फाउस्तो मास्नादा. मास्नादा हा बेर्गामोचाच. गांदानंतरच्या सेल्वीनोच्या उताराचे प्रत्येक वळण त्याला पाठ, म्हणून पोगाचारला गाठू शकलेला तो एकटाच. शेवटच्या झेपेत तो हरला. त्या वेळी महासाथीला दीड वर्षच झाले होते. २०२० च्या मार्चमध्ये या शहराने जे भोगले ते इथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. आपला मुलगा आपल्या रस्त्यावर दुसरा आला, हे त्या दिवशी इथल्या लोकांना विजयाहून कमी वाटले नाही.

जुनी_कात्रणे

बेर्गामोकरांचे लेखन वाचून समाधान वाटले. घाटवाट यांनी कोप्पीच्या काळाविषयी विचारले आहे. मी तो काळ पाहिलेला नाही, परंतु सायकलच्या इतिहासाचे वाचन गेली तीस-पस्तीस वर्षे करतो, म्हणून चार गोष्टी मांडतो.

वर्चस्व या शर्यतीला नवे नाही. १९२६ साली आल्फ्रेदो बिंदाने ही शर्यत जवळजवळ अर्ध्या तासाच्या फरकाने जिंकली; कालचा पावणेदोन मिनिटांचा फरक त्यापुढे काहीच नाही. पुढे फाउस्तो कोप्पीने १९४६, १९४७, १९४८ आणि १९४९ अशी सलग चार वर्षे ती जिंकली आणि पाचवा विजय १९५४ मध्ये मिळवला. पाच विजयांचा तो आकडा सत्तर वर्षे एकट्या कोप्पीचा होता. काल पोगाचारने त्याची बरोबरी केली, आणि सलग पाच विजय तर कोप्पीलाही साधले नव्हते.

परंतु कोप्पीची लोम्बार्दिया म्हटली की इटलीतल्या जुन्या चाहत्यांना या पाच विजयांपैकी एकही प्रथम आठवत नाही. त्यांना आठवते १९५६ ची हार.

त्या वर्षी कोप्पी सदतीस वर्षांचा होता. पाय पूर्वीचे राहिले नव्हते, आणि पत्नीला सोडून तो जुलिया ओक्कीनी हिच्यासोबत राहत असल्यामुळे निम्मा इटली त्याच्यावर रुष्ट होता. वृत्तपत्रे तिला ‘पांढऱ्या वेषातली बाई’ म्हणत. शर्यतीत कोप्पी तरुण दिएगो रोंकीनीसोबत पुढे निसटला आणि मिलानच्या दिशेने दोघांचे अंतर वाढत गेले. त्याच वेळी मागच्या जथ्याजवळून ओक्कीनीची मोटार गेली. जाता जाता तिने फिओरेन्झो माग्नीला हिणवले. माग्नी हा इटलीची तीन आठवड्यांची शर्यत ‘जीरो’ तीनदा जिंकलेला, करारी आणि हट्टी माणूस. त्याचाही तो शेवटचा हंगाम होता. तो संतापला आणि जथ्याच्या पुढे येऊन त्याने असा काही पाठलाग केला, की मिलानच्या अगदी तोंडाशी कोप्पी पकडला गेला. शेवट विगोरेल्लीच्या लाकडी वेलोड्रोमवर, म्हणजे सायकलच्या धावपट्टीवर, होता. कोप्पीने तिथेही झेप घेतली, रेषा दिसू लागली, आणि फ्रान्सचा आंद्रे दारिगाद चाकाच्या काही अंशाने पुढे गेला. माग्नी तिसरा आला. कोप्पी रडला. आणि ज्या लोकांनी वर्षभर त्याला नावे ठेवली होती तेही त्याच्यासोबत रडले, असे त्या दिवसाचे वर्णन करणारे लिहितात. त्यानंतर त्याला ही शर्यत पुन्हा कधीच जिंकता आली नाही, आणि १९६० च्या जानेवारीत हिवतापाने तो गेला.

घाटवाट, हे एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे, की १९४६ ते १९४९ ही चार वर्षे झाली नसती तर १९५६ चे अश्रूही आले नसते. एखाद्याला वर्षानुवर्षे एकट्याने पुढे जाताना पाहिलेले असते, म्हणूनच तो पकडला जातो तेव्हा काळजात काहीतरी तुटते. पोगाचार आज सत्तावीस वर्षांचा आहे. त्याचाही दिवस कधीतरी ढळेल, आणि त्या वर्षी काल कंटाळलेली माणसेच सर्वांत अधिक हळहळतील.

एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. कोप्पीच्या चाहत्याला रस्त्यावरची दहा सेकंदे आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र एवढेच मिळत असे. बाकीची शर्यत तो मनात रचत असे, आणि मनात रचलेली शर्यत कधी कंटाळवाणी होत नाही. आपण संपूर्ण शर्यत थेट पाहतो, मिनिटागणिक वाढणारे अंतर आकड्यांत पाहतो. एकट्या माणसाचे शेवटचे चाळीस किलोमीटर पडद्यावर पाहणे ही त्या काळी कोणावर वेळच आली नव्हती.

उतारावरची_वाट

ताई, तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला माझ्याकडे एकाच माणसापुरते उत्तर आहे. मी रेम्को एवेनपूलची चाहती आहे.

२०२० साली महासाथीमुळे ही शर्यत १५ ऑगस्टला, भर उन्हाळ्यात झाली. पानगळीचा मागमूस नव्हता. रेम्को तेव्हा वीस वर्षांचा होता आणि त्या वर्षी भाग घेतलेली अनेक टप्प्यांची प्रत्येक शर्यत जिंकून आला होता. कोमो सरोवराजवळच्या सोर्मानो घाटाच्या उतारावर एका वळणाशी अरुंद पूल आहे. पुढचे सगळे त्या पुलावरून गेले. कॅमेरा परत वळला तेव्हा कठड्याला टेकलेली सायकल दिसली आणि माणूस दिसला नाही. तो कठड्यावरून खालच्या दरीत पडला होता. तो जिवंत आहे हे कळेपर्यंतची मिनिटे मी स्वयंपाकघरात उभी राहून काढली, कारण पडद्यासमोर बसवत नव्हते. कटिबंधाचे हाड मोडले होते, फुफ्फुसाला इजा झाली होती, पण तो वाचला.

त्यानंतर पुढची दोन-तीन वर्षे प्रत्येक उतारावर तो ब्रेक जरा लवकर दाबतो आहे असे मला वाटायचे. तसे ते होतेही. उतरण्यातला विश्वास परत यायला त्याला वेळ लागला. २०२२ मध्ये त्याने स्पेनची तीन आठवड्यांची वुएल्ता जिंकली, जगज्जेतेपद जिंकले, २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके जिंकली. तरी माझे मन त्या पुलापाशीच अडकले होते. मग २०२४ ची लोम्बार्दिया आली. पोगाचार सोर्मानोच्या चढावर, ४८ किलोमीटर आधीच, निघून गेला. तिथून पुढची शर्यत तुमच्या भाषेत मिरवणूक होती. मी मात्र श्वास रोखून पाहत होते, कारण मागे रेम्को सोर्मानोवरून उतरत होता. तो कोमोत सव्वातीन मिनिटांनी मागे, दुसरा आला. मला त्या दुसऱ्या क्रमांकाचा जेवढा आनंद झाला तेवढा पदकांचाही झाला नव्हता.

त्यानंतर डिसेंबरात सरावात एका मोटारीच्या अचानक उघडलेल्या दारावर आदळून तो पुन्हा जायबंदी झाला, आणि काल पुन्हा दुसरा आला. ज्या बेल्जियन संघात तो व्यावसायिक झाला त्या संघाच्या जर्सीतली ही त्याची शेवटची लोम्बार्दिया. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघात असेल. वडिलांना म्हणावे, मागच्या त्या पोरांपैकी एक पोर पूर्वी याच शर्यतीत पुलावरून खाली पडले होते आणि काल ते रेषेपर्यंत सुखरूप पोचले.

वेळेचा_हिशेब

वरचे तिन्ही प्रतिसाद मनाला भिडले, आणि तरीही मला घाटवाट यांची खंत जशीच्या तशी खरी वाटते. जखमेवर फुंकर घातली म्हणून जखम नाहीशी होत नाही, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

हे वर्चस्व दर वर्षी सारखे राहिलेले नाही. २०२१ मध्ये मास्नादाशी आणि २०२२ मध्ये एन्रिक मासशी पोगाचारला रेषेवर झेप घेऊन जिंकावे लागले होते. २०२३ मध्ये तो ५२ सेकंदांनी जिंकला, २०२४ मध्ये ३ मिनिटे १६ सेकंदांनी. पहिली दोन वर्षे शर्यत अखेरच्या शंभर मीटरपर्यंत जिवंत होती, नंतर ती अधिकाधिक आधी मरू लागली.

त्याचे कारण केवळ त्याचे पाय नव्हे. त्याचा संघ लांब चढाच्या पायथ्यापासून इतका वेग ठेवतो, की त्याने झेप घेण्याच्या वेळी प्रतिस्पर्ध्यांचे साथीदार गळून गेलेले असतात. तो सुटला की मागे पाच-सहा एकांडे उरतात. एकत्र येऊन आळीपाळीने वारा अंगावर घेतला तर ते त्याला निदान अर्ध्या मिनिटावर रोखू शकतील. परंतु त्यांतल्या प्रत्येकाच्या मनात आता दुसऱ्या क्रमांकाचा विचार शिरलेला असतो. पुढे येऊन ओढणारा दमतो, आणि दमलेला शेवटी मागे पडतो. म्हणून कोणीच पूर्ण जोर लावत नाही. घाटवाट यांच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न त्या पाच-सहा जणांच्या मनातही तेव्हा असतो, आणि मला दुःख होते ते त्याचे. माग्नीने १९५६ मध्ये असा विचार केला नाही. त्याने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची पर्वा न करता पाठलाग केला, म्हणून ती शर्यत आज सांगितली जाते.

बेर्गामोतच २०१४ मध्ये डॅन मार्टिनने शेवटच्या किलोमीटरात घेतलेली झेप ज्यांनी पाहिली, किंवा २०१६ मध्ये कोलंबियाचा एस्तेबान चावेस तिथे झेपेत जिंकून या शर्यतीचा युरोपाबाहेरचा पहिला विजेता झाला ते ज्यांनी पाहिले, त्यांना ती धाकधूक पुन्हा हवी असेल तर त्यात गैर काय?

हे सगळे खरे असूनही वसंतातल्या शर्यतींत तो हरू शकतो, हेही याच वर्षी दिसले. सानरेमोत तो तिसरा आला, रूबेला एका वळणावर पडून दुसरा. तिथे चढ नाहीत किंवा पुरेसे मोठे नाहीत, म्हणून इतरांना जागा मिळते. लोम्बार्दियाचा मार्ग मात्र त्याच्याच मापाने बेतल्यासारखा आहे: साडेचार हजार मीटरच्या आसपास एकूण चढाई, आणि शेवटचा मोठा घाट शेवटापासून तीस-चाळीस किलोमीटरवर. आयोजकांनी एखाद्या वर्षी शेवटचा अवघड चढ अंतिम रेषेच्या अगदी जवळ आणून पाहावा असे मला वाटते. तोवर ज्यांना शेवटपर्यंत निकाल न कळणारी शर्यत हवी असेल त्यांनी आज होणारी फ्रान्समधली पॅरिस–तूर पाहावी. तिच्या शेवटाकडे द्राक्षमळ्यांतल्या कच्च्या वाटा आहेत आणि तिथे कोणाचे चाक कधी पंक्चर होईल याचा नेम नसतो.

घाटवाट_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी वडिलांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. पुलावरून पडल्याची हकिगत ऐकून त्यांनी कालच्या शर्यतीचा शेवटचा तास पुन्हा लावायला सांगितला आणि या वेळी फक्त एवेनपूलकडे पाहत बसले. गांदावरून उतरताना एका उजव्या वळणाशी ते म्हणाले, “आता बरोबर घेतो. बाहेरून आत येतो आणि मग सोडतो.” त्यांच्या तोंडून एवढी शाबासकी सहसा कोणाला मिळत नाही.

वेळेचा_हिशेब, तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते. धाकधूक हवीच आहे आणि ती नाही याचे वाईट वाटायचे थांबलेले नाही. पण काल मला झोप का आली नाही ते आज थोडे कळले. सिमन्सला पोगाचारने गाठले त्या क्षणानंतर मी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. पुन्हा पाहताना दिसले, की गाठला गेल्यावरही तो मोडला नाही, झगडत राहिला आणि चौथा आला. थेट पाहताना माझे डोळे फक्त अंतराच्या आकड्यावर होते.

जुनी_कात्रणे यांनी बेत्तीनीविषयी काही लिहिले नाही, म्हणून मीच लिहिते, कारण मी लहानपणी पाहिलेली पहिली लोम्बार्दिया त्याचीच होती. २००६ मध्ये इटलीचा पाओलो बेत्तीनी जगज्जेता झाला आणि काही दिवसांतच त्याचा थोरला भाऊ मोटार अपघातात गेला. तो सायकल सोडून देणार असे वाटत असताना ऑक्टोबरच्या मध्याला तो इंद्रधनुषी जर्सी घालून या शर्यतीत उतरला आणि कोमोत एकट्याने, रडत रडत, आकाशाकडे पाहत रेषा ओलांडून गेला. मला तेव्हा सायकलमधले काही कळत नव्हते. वडील मात्र त्या वेळी उठून उभे राहिले होते, हे मला लख्ख आठवते.

बेर्गामोकर, एक विचारायचे राहिले. गिझाल्लोच्या मातेच्या देवळातली घंटा शर्यत जाताना वाजवतात असे वाचले आहे. काल ध्वनिमुद्रणात ती शोधली, पण हेलिकॉप्टरच्या आवाजात नीट ऐकू आली नाही. ती खरेच वाजते का?

बेर्गामोकर

वाजते. कोमोहून सुरू होणाऱ्या वर्षी शर्यत सुरुवातीच्या तास-सव्वा तासातच गिझाल्लोवर पोचते. बेल्लाज्योपासूनचा तो साडेआठ किलोमीटरचा चढ, मधे काही ठिकाणी चौदा टक्क्यांचा. देऊळ अगदी माथ्यावर, माग्रेल्यो गावात, साडेसातशे मीटरवर आहे. १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी तिथल्या मातेला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून मान्यता दिली. देऊळ लहान आहे, आपल्याकडच्या एखाद्या वाडीतल्या मारुतीच्या देवळाएवढे, आणि आत भिंतीभर सायकली आणि जर्सी टांगलेल्या आहेत. कोप्पीची सायकल आहे, बार्तालीची आहे, आणि फाबिओ कासार्तेल्लीची, १९९५ च्या तूर द फ्रान्समध्ये ज्या सायकलवरून पडून तो गेला ती, वाकलेल्या चौकटीसह तशीच ठेवलेली आहे. बाहेरच्या चौकात उभे राहिले की समोर सरोवर दिसते.

पहिली मोटारसायकल वळणावर दिसली की घंटा सुरू होते आणि शेवटचा सायकलस्वार जाईपर्यंत चालू राहते. उभे राहायचे असेल तर देवळाच्या अंगणात, कासार्तेल्लीच्या सायकलीकडच्या दाराशी उभे राहा. तिथे हेलिकॉप्टर असले तरी घंटा ऐकू येते. वडिलांना आणणार असाल तर आधी कळवा. चढावर गर्दी लवकर होते, आणि त्यांना उताराचे वळण दिसेल अशी जागा धरून ठेवावी लागेल.